गंधक मोजणारे लवटे सर

ज्या दिवशी गंधक मोजायचं असे, त्या दिवशी लवटे सर प्रयोगशाळेच्या दारातच उभे राहून आमचे डबे हुंगायचे. लसणाची चटणी, कांद्याची पात, उकडलेलं अंडं, कोबी, मुळा, यांतलं काहीही सापडलं की तो डबा बाहेरच्या कट्ट्यावर. तिथं कावळ्यांनी खाल्ला तरी चालेल, आत यायचा नाही. काडेपेटीला तर बारा महिने बंदी होती.

“काडीच्या टोकाला गंधक असतं मॅडम,” ते मला सांगायचे. “आणि हे मशीन काही माणूस नाही. ह्याला आपलं-परकं कळत नाही. समोर आलं की मोजतं.”

एका खंडेनवमीला मालकांनी सगळ्या यंत्रांची पूजा मांडली. सर म्हणाले, झेंडू चालेल, हळदकुंकू टेबलाच्या पायाला लावा. पण मालक उदबत्ती घेऊन आत निघाले तसे सर दोन्ही हात पसरून दारात उभे राहिले. “साहेब, देवाला बाहेरूनही दिसतं.” मालकांनी मुकाट्यानं बाहेरूनच ओवाळलं. मालकांना अडवणारा आमच्यात तो एकच माणूस होता.

ही प्रयोगशाळा बारामतीच्या एमआयडीसीत होती. खाजगी, छोटी. बोअरचं पाणी, शेतातली माती, मळी, स्पिरिट असलं काहीबाही तपासायला यायचं. मी पुढच्या टेबलावर होते. आलेल्या बाटलीवर चिठ्ठी लावायची, वहीत नोंद करायची, बाटली आत द्यायची आणि आतून आकडा आला की अहवाल टाइप करायचा, हे माझं काम. आकडा काढायचे ते लवटे सर.

उंच, सडपातळ, खांद्यात जरासे वाकलेले. पांढऱ्या शर्टाला पोटाशी आम्लानं पडलेली बारीक भोकं. घर लोणी भापकरचं. वडील मेंढरं राखायचे, दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरायचे. सर सांगायचे, संध्याकाळी कळप वाड्यात शिरला की बाप नुसता बघायचा आणि म्हणायचा, कानकापी मेंढी आली न्हाय. मोजायचा नाही. “मला ती नजर मिळाली नाही,” सर म्हणायचे, “म्हणून मला मोजावं लागतं.”

‘साधारण’ हा शब्द त्यांना खपत नसे. मी एकदा सहज म्हणाले, सर, पाण्याचा आकडा साधारण किती येईल, पार्टी थांबलीय. त्यांनी चष्मा काढला. “पार्टीला म्हणावं, साधारण पाहिजे असेल तर चव घेऊन बघा. आमच्याकडे कशाला आलात?” आणि आकडा दिला तो पाऊण तासानं, तीनदा काढून.

ह्या काटेकोरपणातून घरच्यांचीही सुटका नव्हती. त्यांच्या धाकट्या भावाची तक्रार होती की गावातल्या डेअरीचं यंत्र दुधाचं फॅट कमी दाखवतं. दादा रसायनवाला आहे, तो डेअरीवाल्याला खोटं पाडेल म्हणून भावानं सरांना बोलावलं. सर रविवारी सगळं सामान घेऊन गेले, डेअरीच्या ओट्यावर चार लोकांसमोर जुन्या पद्धतीनं फॅट काढलं आणि तिथंच सांगितलं, “मशीन बरोबर हाय. दुधात पाणी हाय.” भाऊ दोन वर्षं बोलला नाही. पुतणीच्या साखरपुड्याला बोलावणं आलं नाही.

“घरी येऊन एकट्याला सांगता आलं असतं की,” मी म्हणाले.

ते म्हणाले, “हो. ते सुचलं नाही.”

गंधकाचं मशीन मालकांनी जुनं विकत आणलं होतं, मुंबईतल्या कुठल्यातरी प्रयोगशाळेनं मोडीत काढलेलं. पेटीतून निघालं तेव्हा आतली काचेची नळी फुटलेली होती आणि तारा उंदरांनी कुरतडल्या होत्या. सरांनी एक अख्खा उन्हाळा त्यात घातला. नळी पुण्याच्या काच-कारागिराकडून फुंकून आणली, प्लॅटिनमच्या तारा स्वतः घासल्या. ज्या दिवशी मशीननं ओळखीच्या नमुन्याचा आकडा बरोब्बर दिला, त्या दिवशी ते बाहेर आले, माझ्या टेबलावरचा माझा चहा पिऊन टाकला आणि काही न बोलता परत आत गेले. दहा मिनिटांनी त्यांच्या ध्यानात आलं. तेव्हा माफी मागायला आले.

त्यानंतर बायोडिझेलचे नमुने येऊ लागले. तळून उरलेल्या तेलापासून किंवा करंजाच्या बियांच्या तेलापासून डिझेलसारखं इंधन करतात, ते. त्यात गंधक फार असलं तर धूर वाईट निघतो, इंजिन खराब होतं. म्हणून नियम असा, की दहा लाख भागांत दहा भागांपेक्षा जास्त गंधक नको.

बावड्याचे नामदेवतात्या आणि त्यांची सून वैशाली पहिल्यांदा आले ते याच कामासाठी. तात्या इंदापूरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. तीस वर्षं गाड्यांच्या खाली खड्ड्यात उभं राहून काम केलेलं, त्यामुळे छातीत कायमची घरघर. निवृत्त झाल्यावर त्यांनी बावड्यात पत्र्याची शेड टाकली, लोखंडी टाकी बसवली आणि हायवेच्या ढाब्यांवरून वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेल करायला लागले. वैशाली बी.एस्सी. होती. मापं, तापमान, ढवळणं, धुणं सगळं ती बघायची. नवरा पुण्याला कामाला.

“सगळं आयुक्ष डिझेलचा धूर गिळला,” तात्या मला म्हणाले. “आता बिनधुराचं डिझेल करायचं आन मगच जायचं, असं ठरवलंय.”

सर एरवी कुणाला आत घेत नसत. तात्यांना घेतलं. एक यंत्र जाणणारा माणूस दुसऱ्याला ओळखतो, तसं काहीतरी झालं असावं. त्यांनी तात्यांना समजावलं. सुईनं चार थेंब तेल ह्या नळीत सोडायचं. नळी आत लालभडक तापलेली आहे, तेल जळतं. धूर ह्या छोट्या काचेच्या भांड्यात येतो. भांड्यात आयोडीनचं फिकट पिवळं पाणी आहे. धुरातलं गंधक ते आयोडीन खातं. आयोडीन कमी झालं की ही तार ओळखते, आणि ही दुसरी तार वीज सोडून पुन्हा आयोडीन तयार करते. किती वीज लागली ते मोजलं की किती गंधक होतं ते कळतं.

तात्यांनी भांड्याकडे बघत मान हलवली. “म्हंजी टाकीतलं पाणी कुणी किती प्यालं ते दिसत न्हाय, पर टाकी परत भरताना किती लागलं त्यावरनं कळतं.”

सर हसले. मी त्यांना असं तोंडभर हसताना फार कमी वेळा बघितलं. “तात्या, एम.एस्सी.च्या पोरांना हे सांगायला मला तास लागतो.”

मग तात्यांचं तेल तपासलं. आकडा आला सहा.

तात्यांनी वैशालीकडे बघितलं. वैशालीनं पदर तोंडाला लावला.

“पण हा आकडा कागदावर येणार नाही,” सर म्हणाले. “तुम्ही पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत आणलंय. असला नमुना मी धरत नाही. आमच्या काचेच्या बाटल्या घेऊन जा, त्यात भरून आणा.”

बाटल्या मी दिल्या. जाड काचेच्या, तोंडाला लाल रबरी बूच. ती बुचं मालकांनी नुकतीच घाऊक आणली होती. मी घट्ट दाबून बसवून दिली, म्हटलं, सांडायचं नाही आता.

बायोडिझेल घ्यायला एक कंपनी तयार झाली होती, स्वतःच्या ट्रकांसाठी. अट अशी, की आमच्या प्रयोगशाळेचा अहवाल हवा आणि गंधक दहाच्या आत हवं. तीनदा अहवाल नापास आला तर पुरवठादारांच्या यादीतून नाव कायमचं बाद.

पहिला नमुना आला. एकोणीस.

सरांना वाईट वाटलेलं मला दिसलं. त्यांनी पुन्हा काढला. एकोणीसच. तात्यांना फोनवर सांगितलं, “तेलात कांदा-लसणाचा अंश राहत असेल. भजीवाल्यांचं तेल घेऊ नका.” तात्यांनी भजीवाल्यांचं तेल बंद केलं. म्हणजे निम्मं तेल बंद झालं. वैशालीनं टाकी कढत पाण्यानं तीन-तीनदा धुतली.

दुसरा नमुना. चोवीस.

या वेळी वैशाली एकटी आली होती. बावड्याहून इंदापूर, इंदापूरहून बारामती, दोन एसट्या बदलून. सरांसमोर उभी राहिली, हातात वही. वहीत तिनं प्रत्येक घाण्याचं सगळं लिहिलेलं होतं.

“सर, एक विचारू? आम्ही कमी करतोय तर आकडा वाढतोय. बाटलीतून काही येत नसेल ना?”

मी टाइप करायची थांबले.

सर रागावले नाहीत. त्यांचा आवाज फक्त फार सरळ झाला. “माझ्या बाटल्या मी स्वतः धुतो, वैशाली. आधी आम्लानं, मग ऊर्ध्वपातित पाण्यानं. बाटलीत काही नसतं.”

“हो सर,” ती म्हणाली आणि वही मिटली.

ती जाताना मला म्हणाली, “तात्यांना म्हटलं होतं, एकदा पुण्याला दुसऱ्या ठिकाणी दाखवू. ते म्हणतात, सरांवर अविश्वास दाखवायचा व्हय? ज्या माणसानं सख्ख्या भावाचं दूध पकडलं?” तो दुधाचा किस्सा बावड्यापर्यंत पोचला होता.

तिसऱ्या नमुन्याच्या वेळी मधे दोन सुट्ट्या आल्या. तात्यांच्या मोटरसायकलच्या डिकीत बाटली चार दिवस आडवी पडून होती, उन्हात. बाटली देताना तात्यांनीच ते सहज सांगितलं; आधीच्या दोन्हीही दोन-तीन दिवस तशाच आडव्या पडून होत्या. आकडा आला सत्तावीस.

अहवाल मी टाइप केला. सरांनी सही केली. सही करताना म्हणाले, “चांगली माणसं आहेत. पण आकड्याला काय माहीत.” कंपनीनं आठवडाभरात नाव काढलं. तात्यांचा एकदा फोन आला, सरांचे आभार मानायला. त्यानंतर ते आले नाहीत.

दीड वर्ष गेलं.

सरांनी एक बाटली स्वच्छ बायोडिझेल कपाटात ठेवलेलं असायचं, ज्यात गंधक नाहीच, असं. मशीन ठीक चालतंय का हे बघायला ते वापरायचे. एका सोमवारी त्यांनी ते तेल मशीनमध्ये घातलं आणि आकडा आला एकवीस. शून्याच्या जागी एकवीस. त्यांना वाटलं मशीन बिघडलं. अर्धा दिवस मशीन उघडून बसले. मशीनला काही झालं नव्हतं. मग कपाट बघितलं. साफसफाईवाल्या बाईंनी बाटल्या नीट मावाव्यात म्हणून आडव्या रचल्या होत्या. सरांनी बाटलीचं बूच काढलं. लाल रबर फुगून मऊ झालं होतं, बोटाला चिकटत होतं.

रबर पक्कं करायला गंधक घालतात. हे शाळेतल्या पुस्तकातसुद्धा असतं. बायोडिझेल रबराला खातं, हेही त्यांना माहीत होतं. मशीनच्या सगळ्या रबरी नळ्या त्यांनी त्याच कारणानं कधीच बदलल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून अकरा दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. वीस बाटल्या स्वच्छ तेलानं भरल्या, तीच लाल बुचं लावली. काही उभ्या, काही आडव्या, काही सावलीत, काही गच्चीवर उन्हात. रोज प्रत्येकीचं गंधक काढलं. जेवणाचा डबा उघडला नाही. मला काही सांगितलं नाही, पण रोज एक कागद भिंतीला चिकटवत गेले, आणि मी रोज तो वाचत गेले. उभी बाटली, काही फरक नाही. आडवी, दोन दिवस, अकरानं वाढ. आडवी, चार दिवस, उन्हात, एकवीसनं वाढ.

बाकीच्यांचे नमुने त्यांच्या त्यांच्या पत्र्याच्या डब्यातून यायचे. आमच्या बाटल्या फक्त बावड्याला दिल्या होत्या.

बाराव्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. “मॅडम, सत्तावीसमधून एकवीस गेले, किती?”

मी भिंतीवरच्या कागदांकडे बघितलं.

“सहा,” ते म्हणाले. “पहिल्याच दिवशी आलं होतं सहा. मीच म्हणालो, धरायचं नाही.”

“सर, बुचं मी लावली होती.”

“तुम्हाला रसायनशास्त्र येत नाही,” ते म्हणाले. “मला येतं.”

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट नव्हते, घाबरट होते. म्हणाले, “लवटे, दीड वर्ष झालं. कुणाची तक्रार नाही. आपण होऊन सांगितलं तर उद्या प्रत्येक जण जुना अहवाल घेऊन येईल. बुचं बदला आणि विषय संपवा.” सरांनी कंपनीला स्वतःच्या नावानं पत्र लिहिलं. उत्तर आलं की आता त्यांनी बायोडिझेल घेणंच बंद केलं आहे.

मग एका रविवारी सर म्हणाले, “बावड्याला जायचंय. तुम्ही याल का? मला एकट्याला बोलता येणार नाही.” माझं माहेर कळंबचं, त्या बाजूची माणसं मला परकी नव्हती. मी गेले. त्यांच्या शर्टाच्या खिशात दुरुस्त अहवाल होता, हातानं लिहिलेला, तीनही नमुन्यांचा. प्रवासभर ते खिशावर हात ठेवून बसले होते.

शेड होती, पण आत जनावरांच्या खाद्याची पोती भरलेली. टाकी एका गुऱ्हाळवाल्यानं नेली होती. वैशाली अंगणात कपडे वाळत घालत होती. ती आता इंदापूरला डाळिंबाच्या पॅकिंगला जायची, रविवारची सुट्टी होती. आम्हाला बघून तिला आनंद झाला असं म्हणता येणार नाही, पण तिनं खुर्च्या आणल्या, पाणी दिलं.

सरांनी कागद तिच्या हातात दिला. ती उभ्यानंच वाचायला लागली. बी.एस्सी. झालेली मुलगी, समजायला वेळ लागला नाही. रबर हा शब्द आला तिथं ती थांबली.

“सर, मी विचारलं होतं तुम्हाला.”

“हो,” सर म्हणाले.

“मी विचारलं होतं.”

“हो.”

दोरीवरच्या ओल्या लुगड्यातून पाणी गळत होतं. मग तिनं कागदाची घडी घातली आणि सरांपुढं धरली.

“हा तुमच्याकडं ठेवा. तात्यांना सांगू नका.”

“मी त्यांनाच सांगायला आलोय.”

“नका सांगू, सर.” तिचा आवाज चढला नाही. “वर्षभर ते जेवत नव्हते. शेडमध्ये जाऊन बसायचे. मग हळूहळू त्यांनी मनाची समजूत घातली, की आपलं तेलच वाईट होतं, आपल्याला जमलं नाही. आता गप्प असतात, पण जेवतात. तेल चांगलं होतं हे आज कळलं तर त्याचं ते काय करतील? टाकी नाही, गिऱ्हाईक नाही, छातीत हवा नाही. तुमचं मन हलकं होईल. त्यांचं काय?”

सरांनी माझ्याकडे बघितलं.

आतून खोकल्याचा आवाज आला. तात्यांनी विचारलं, “कोण आलंय गं?”

“बारामतीचे सर आलेत, तात्या.”

तात्या खाटेवर उशीला टेकून बसले होते. नाकाला नळी लावलेली, बाजूला ऑक्सिजनचं यंत्र घुर्र करत होतं. सरांना बघून त्यांचा चेहरा उजळला. हात जोडायला गेले तर एकच हात उचलला गेला.

“या, या. बसा हितं, माज्याजवळ. एवढ्या लांबनं आलासा.”

सर खाटेच्या कडेला बसले. वैशाली दारात उभी राहिली.

“काय म्हंतं तुमचं मशीन?”

“चालतंय,” सर म्हणाले.

“चालणारच. तुमचा हात हाय त्यावर.” तात्यांना दम लागला, ते थांबले, मग पुढं बोलले. “सर, मी समद्यांना सांगतो बघा. तुमी होता म्हणून कळलं. न्हायतर मी लोकांच्या इंजनात घाण घातली असती. बिनधुराचं म्हणून धूरच इकला असता. तुमी मला पापातनं वाचिवलं.”

सरांचा हात खिशावर गेला. मी वैशालीकडे बघितलं. ती काही खूण करत नव्हती, नुसती बघत होती.

हात खिशावरून खाली आला.

“तात्या,” सर म्हणाले, “तुमचं काम स्वच्छ होतं.”

“ते खरं,” तात्या म्हणाले. “काम सोच्च हुतं. तेलच नडलं. च्या घ्या.”

आम्ही चहा घेतला. तात्यांनी डेपोतल्या एका जुन्या गाडीची गोष्ट सांगितली, जी फक्त त्यांच्या हातानं चालू व्हायची. सर ऐकत होते की नाही, मला माहीत नाही. निघताना तात्यांनी त्यांचा हात बराच वेळ धरून ठेवला. परतीच्या गाडीत सर म्हणाले, “माझ्याकडून हे खोटं बोलणं झालं का?” मी म्हणाले, नाही, सर. ते म्हणाले, “तुम्हाला नक्की माहीत आहे?” मला नक्की माहीत नव्हतं.

तात्या त्याच वर्षी गेले. वैशालीनं मला फोन करून सांगितलं. सरांना सांगायचं काम माझ्यावर आलं. त्यांनी ऐकलं, आत गेले आणि काचेची भांडी धूत बसले.

पुढचं फार वेगानं घडलं. जो माणूस एक नमुना तीनदा तपासायचा, तो पाचदा तपासू लागला, मग आठदा. आकडे जुळले तरी त्यांना पटायचं नाही. बाटली तपासायचे, सुई तपासायचे, पाणी, हवा. बाहेर माणसं खोळंबायची. मी आत जाऊन विचारलं की म्हणायचे, “अजून सांगता येत नाही.” माझा डबा ते आता हुंगत नसत. एकदा मी मुद्दाम लसणाची चटणी घेऊन आत गेले. त्यांनी मान वर करून बघितलंही नाही.

एका विहिरीच्या पाण्याचा साधा अहवाल सतरा दिवस राहिला. मालकांनी त्यांना मशीनवरून काढून माझ्याशेजारी नमुने घ्यायला बसवलं. तिथंही ते प्रत्येक बाटलीवरची चिठ्ठी तीनदा लिहायचे, फाडायचे, पुन्हा लिहायचे. तरुण केमिस्ट आला, त्यानं मशीन दोन दिवसांत शिकून घेतलं. तो दिवसाला तीस नमुने काढायचा. सर त्याच्या दारात जाऊन उभे राहायचे, काहीतरी बोलायला तोंड उघडायचे आणि परत यायचे.

एक दिवस ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांची पत्नी आली आणि राजीनाम्याचा कागद देऊन गेली. मी विचारलं, सर कसे आहेत? त्या म्हणाल्या, “दाराला कडी लावली का नाही, ते बघायला दहादा उठतात. डॉक्टर झाले, देव झाले. भावजी रोज येऊन बसतात आता. तेवढंच एक बरं झालं.” मी दोनदा लोणी भापकरला जाऊन आले. सर नीट बोलायचे, चहा द्यायचे. प्रयोगशाळेचं काही विचारायचे नाहीत.

शेवटचं त्यांना बघितलं ते बारामतीच्या एसटी स्टँडवर. मी इंदापूरच्या गाडीत खिडकीशी बसले होते. गाडी सुटायच्या बेतात होती. सर खाली फलाटावर उभे होते, शर्ट तसाच पांढरा, हातात औषधाच्या दुकानाची पिशवी. त्यांनी मला बघितलं नव्हतं. एक म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन घाईघाईनं त्यांच्यापाशी आली. आमच्या गाडीकडे बोट करून तिनं विचारलं,

“बाबा, ही गाडी इंदापूरला जाती का रं?”

गाडीवर पाटी होती. त्यांच्यापासून पाच हातांवर. सरांनी ती वाचली. मग ते चालत गाडीच्या पुढं गेले आणि पुढची पाटी वाचली. परत आले. म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

“थांबा आजी,” ते म्हणाले. “विचारून येतो.”

आणि चौकशीच्या खिडकीसमोर जी रांग होती, तिच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

मी काच सरकवायला लागले. काच बोटभर फटीवर अडकली होती. मी काचेवर हात आपटला, ओरडले, “आजी, हीच गाडी! चढा!” पण इंजिन सुरू झालं होतं आणि कंडक्टरनं दोरी ओढली होती. मी दाराकडे धावेपर्यंत गाडी फलाट सोडून वळली.

मागच्या काचेतून मला दोघंही दिसत होते. सर रांगेत दोन माणसं पुढं सरकले होते, मान खाली घालून. म्हातारी गाठोडं खाली ठेवून जागच्या जागी उभी होती. त्यांनी थांबायला सांगितलं होतं, म्हणून ती थांबली होती.